तेरियाकीचा भात आणि जपानचं जुनं दुखणं



माझी लेक पुण्यात नोकरीला आहे. गेल्या महिन्यात तिने दुपारच्या जेवणाचा फोटो पाठवला. पांढराशुभ्र भात, वर चकाकणारे टोफूचे तुकडे आणि तीळ. "आई, हे तेरियाकी. आठवड्यातून चारदा तरी मागवते. चालतं ना?"

मी आधी आपली नेहमीची चौकशी केली. आलं-लसूण आहे का? आणि मिरिन? तेरियाकीच्या सॉसमध्ये सोया सॉससोबत मिरिन घालतात, आणि ती तांदळाची गोड दारू आहे. अस्सल असेल तर साधारण 14 टक्के अल्कोहोल. शिजताना उडून जातं म्हणतात, पण आपल्याला त्याने काय फरक पडतो? तिने विचारून घेतलं, तिथे मिरिनऐवजी नुसती साखर घालतात, आलं-लसूणही नाही. 1976 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलला तोशिहिरो कासाहारा यांनी तेरियाकीचं दुकान काढलं तेव्हा त्यांनीही साखरच घातली होती. ताटलीभर भातावर तेरियाकी ही पद्धत तिथेच लोकप्रिय झाली.

मग तिने खरा प्रश्न विचारला, "पौष्टिक तरी आहे का गं?"

सॉसला सगळे नावं ठेवतात. ठेवावीतच. चमचाभर सोया सॉसमध्ये सुमारे 900 मिलिग्रॅम सोडियम असतं आणि दिवसभरात 2000 च्या आत राहावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. टोफूत प्रथिनं चांगली. पण मला काळजी वाटली ती खालच्या भाताची, कारण त्या भातापायी जपानने माणसं गमावली आहेत.

टोकियोचं जुनं नाव एदो. खेड्यातले लोक तांदळात सातू, भरड धान्यं मिसळून खायचे. एदोत आलं की पांढरा सडलेला तांदूळ, कारण तो प्रतिष्ठेचा. मग पाय बधिर व्हायचे, सूज यायची, शेवटी हृदय थकायचं. गावी परतलं की माणूस बरा! लोकांनी त्याला नावच दिलं, 'एदो वाझुराई', म्हणजे एदोचं दुखणं. आपण त्याला बेरीबेरी म्हणतो.

पुढे नौदलात हेच. खलाशांना तांदूळ मिळे आणि कालवणासाठी पैसे. बिचारे ते पैसे वाचवून घरी धाडायचे आणि भातावर भागवायचे. (घरासाठी स्वतःच्या ताटातलं कमी करणं आपल्याला काही नवीन नाही.) 1882-83 मध्ये 'र्‍युजो' जहाज लांबच्या सफरीला गेलं. 376 जणांपैकी 169 जणांना बेरीबेरी झाला, 25 दगावले. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी 1884 मध्ये त्याच मार्गाने 'त्सुकुबा' पाठवलं, फक्त आहार बदलून. मोजकेच आजारी पडले, मेलं कुणी नाही. त्या आहारात मांस होतं, हे मी लपवत नाही. पण खलाशांना मांस-पाव रुचेना, म्हणून 1885 पासून भातात सातू मिसळला, आणि काही वर्षांत नौदलातला आजार जवळजवळ संपला.

गंमत म्हणजे ताकाकींचं कारण चुकलं होतं. त्यांना वाटलं प्रथिनं कमी पडतात. खरं कमी पडत होतं ते बी-1 जीवनसत्त्व, आणि ते कोंड्यात असतं. सुझुकी उमेतारो यांनी 1910 मध्ये कोंड्यातून ते वेगळं काढलं. लष्कराने मात्र ताकाकींचं ऐकलं नव्हतं. गरीब घरच्या पोरांना रोज पांढरा भात हेच तर आमिष होतं. 1904-05 च्या रशियाशी झालेल्या युद्धात सुमारे 27,000 जपानी सैनिक बेरीबेरीने गेले. गोळी न लागता!

शंभर ग्रॅम असडीक तांदळात सुमारे 0.4 मिलिग्रॅम बी-1 असतं, पॉलिश केल्यावर 0.07 च्या आसपास उरतं. कोकणातला उकडा तांदूळ बरा, कारण भात सालीसकट उकडताना कोंड्यातलं सत्त्व दाण्यात उतरतं. जपानी बायका कोंड्यात भाज्या मुरवून लोणचं घालतात, तेही भाजीत उतरतं.

आज वरण-भाजी खाणाऱ्या कुणाला पांढऱ्या भाताने बेरीबेरी होईल असं नाही. पण चार दिवस नुसता भात-टोफू-सॉस, तर डाळ-भाजी कुठून येणार? लेकीला रागावणार होते, मग आठवलं. पाहुणे येणार म्हटलं की मीच गिरणीवाल्याला सांगायचे, "अजून एक हात मारा, पांढरा होऊ दे." आजेसासूबाई ओसरीवरून बघत असायच्या. बोलायच्या नाहीत, पण तो कोंडा मात्र पोत्यात भरून परत आणायला लावायच्या.

रविवारी लेक येणार आहे. आजऱ्याचा असडीक घनसाळ बांधून ठेवलाय, दोनच किलो. कोंड्यातल्या तेलामुळे त्याला लवकर खवटपणा येतो आणि पोरकिडेही लवकर होतात. जीव होऊन मग ते मरण्यापेक्षा थोडा थोडा आणलेला बरा. रात्रभर भिजवावा लागतो म्हणून ती कुरकुरणार आहेच.