माणसांचा पडदा

पुण्यात १६ डिसेंबर १९७२ रोजी ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला. नाटक विजय तेंडुलकरांचे, दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे, नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंदांची. त्यात गाणारी, डोलणारी माणसांची रांगच पडदा झाली. हवे ते झाकू लागली, हवे ते दाखवू लागली.

हा पडदा आपल्या शाळेत आला १९९५च्या स्नेहसंमेलनात. सरांनी ते नाटक पाहिले होते. संगीतिकेत आम्ही दहावीच्या बाराजणी नदी झालो होतो. पालखी आली की मधोमध दुभंगायचे, ती गेली की पुन्हा जुळायचे. मैदानावर फक्कीच्या रेघा आखून रोज तालीम चाले. पण दुसऱ्या ओळीला रांगेत खिंडार पडायचेच. आमच्यातली सर्वांत बुटकी मैत्रीण अर्ध्या पावलाने मागे राहायची.

“सर, तिला काढू या,” असे मीच म्हटले, तेही तिच्यासमोर.

सर रागावले नाहीत. त्यांनी रेघा पुसल्या, तिला एकटीला चालायला लावले आणि तिच्या पावलाच्या मापाने नव्या आखल्या. मग लक्षात आले, ती तालातच होती. आम्हीच लांब ढांगा टाकून पुढे पळत होतो. चौथ्या दिवशी नदी अखंड वाहिली.

आज मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कुणी मागे पडले की आधी रेघा तपासते.

मैत्रिणी, मेळाव्यात भेटशील तेव्हा माफी मागेनच. पण तेव्हा सर्वांसमोर बोलले होते, म्हणून इथेही सर्वांसमोर लिहिते : चूक माझी होती.