चावडी, चॅट-रूम आणि आपली नोंद

दलित समाजाचा इतिहास लिहावयास बसले की पहिली अडचण साधनांची येते. मी धर्मापुरीचा. आमच्या गावात चालुक्यकालीन केदारेश्वराचे मंदिर आहे. त्याचे कोरीव दगड आठनऊशे वर्षे टिकले, परंतु ते दगड ज्यांनी वाहिले त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्यापर्यंत आले नाही. ही झाली जुनी गोष्ट. त्या काळी आपल्या हाती अक्षर नव्हते. पण गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या शिकलेल्या पिढीने स्वतःच्या हाताने असंख्य शब्द लिहिले, एकमेकांना पाठविले, आणि ते शब्दही आज नाहीसे झाले आहेत. ही हानी कशी झाली याचा विचार केला पाहिजे. मी बोलत आहे ते इंटरनेटवरील गप्पांच्या खोल्यांविषयी, म्हणजे चॅट-रूमविषयी, आणि त्यांच्या पाठोपाठ आलेल्या ऑर्कुटसारख्या समुदायांविषयी.

या खोल्यांचा जन्म परदेशी झाला. १९८८ साली फिनलंडमधील औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन याने अनेकांना एकाच वेळी लिहून बोलता येईल अशी व्यवस्था तयार केली. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत, आणि तेही आधी मोठ्या शहरांत. १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू झाली. तिच्या 'हितगुज'मध्ये परदेशी गेलेली शिकलेली मराठी माणसे आपल्या भाषेत बोलू लागली. त्या काळी अमेरिकेला गेलेल्यांत आपली माणसे किती होती हे सांगावयास आकडेवारीची गरज नाही. १९९८ मध्ये याहूचा मेसेंजर आला, याहूच्या चॅट-रूम गजबजल्या आणि सायबर कॅफे निघाले. संगणक विकत घेण्याची ऐपत नसलेल्या मुलालाही आता तासाच्या हिशेबाने जगाशी बोलता येऊ लागले.

माझे आईवडील ऊसतोडीला जात. २००५ च्या सुमारास मी अंबाजोगाईला शिकत होतो. घरी फोन नव्हता. पण प्लायवूडच्या फळ्यांनी पाडलेल्या खोपट्यात बसून मी मुंबईच्या खोलीत शिरू शकत होतो. मराठी रोमन लिपीत लिहावी लागे, इंग्रजी मोडकीतोडकी होती, तरी मला कोणी हटकले नाही. गावच्या चावडीवर आपल्या बापजाद्यांना पायरीखाली उभे राहावे लागे. येथे पायरीच नव्हती. हा अनुभव लहान नव्हता आणि त्याची टिंगल करण्याचे कारण नाही.

चॅट-रूममध्ये शिरल्याबरोबर एक ठरलेला प्रश्न येई: ए, एस, एल? म्हणजे वय काय, स्त्री की पुरुष, ठिकाण कोणते? हा तीन अक्षरी प्रश्न अमेरिकेतून आला होता. आपल्या लोकांनी त्याला चौथा प्रश्न जोडला: पूर्ण नाव काय? आडनाव सांगितले आणि त्यावरून उलगडा झाला नाही, तर गाव कोणते, कोणत्या गल्लीत राहता, असा फेरा सुरू होई. उलगडा झाला की पलीकडचा माणूस पुष्कळदा गप्प होई, किंवा 'तुमचे बरे आहे, तुम्हाला सवलती आहेत' असे लिहून निघून जाई. चेहरा दिसत नव्हता म्हणून जात गेली असे समजणारे पुष्कळ होते. जात दिसत नव्हती एवढेच; तिला शोधून काढण्याची खोड तशीच राहिली होती.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कधी कधी त्या चौथ्या प्रश्नानंतर पडद्यावर 'जयभीम' उमटे. मग नागपूरचा अभियंता, आखातात गेलेला फिटर आणि मराठवाड्यातला विद्यार्थी एका खोलीत बसत. बाबासाहेबांचे कोणते पुस्तक कोठे मिळेल, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, नामांतराच्या वेळी तुमच्या गावात काय झाले, अशी विचारपूस चाले. आपल्या जुन्या वस्तीत तक्क्या असे, तसाच हा तक्क्या होता.

जानेवारी २००४ मध्ये गुगलने ऑर्कुट सुरू केले आणि खोल्यांचे रूपांतर समुदायांत झाले. भारतात ते झपाट्याने पसरले. त्याबरोबर जातही उघड्या दाराने आत आली. पोटजातींच्या नावांचे समुदाय निघाले, आणि आपलेही निघाले. २००६ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय उच्चशिक्षण संस्थांत इतर मागासवर्गीयांना २७ टक्के राखीव जागा देण्याचा विषय पुढे आला तेव्हा ऑर्कुटवर गुणवत्तेच्या नावाने जे लिहिले गेले, ते ज्यांनी वाचले ते विसरणार नाहीत. गावात जे तोंडावर बोलण्याचे धाडस आता होत नव्हते, ते तेथे टोपणनावाने बोलले जात होते. निनावीपणाचा फायदा पीडितालाच होतो असे नाही.

त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे सुरेखा, प्रियंका, रोशन आणि सुधीर भोतमांगे यांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांना या घटनेचे गांभीर्य उमगावयास कित्येक आठवडे लागले. त्या दरम्यान सत्यशोधनाचे अहवाल आणि छायाचित्रे ईमेलने आणि इंटरनेटवरील गटांतून फिरत होती. मी स्वतः ती हकीकत प्रथम वाचली ती सायबर कॅफेत. नोव्हेंबरात लोक रस्त्यावर आले ते केवळ संगणकामुळे असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पत्रके होती, मोबाइलचे संदेश होते, वस्त्यावस्त्यांतून पायपीट करणारे कार्यकर्ते होते. पण प्रस्थापित वृत्तपत्रे गप्प असताना बातमी थांबली नाही, हे या माध्यमाचे कार्य इतिहासाने नोंदविले पाहिजे.

या तक्क्यात आपल्या मुली मात्र फार थोड्या होत्या. कॅफेचे ते आडोसे मुलींच्या सोयीचे नव्हते. तेथे जाणाऱ्या मुलीविषयी गाव काय बोलते हे सर्वांना ठाऊक होते. एखादी आलीच, तर तीन अक्षरांतले दुसरे अक्षर तिला बोलू देत नसे. ज्या जागेत अर्धा समाज बसू शकत नाही तिला लोकशाहीची चावडी म्हणण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

मग ऱ्हास कशाने झाला? पहिले कारण धंद्याचे. चॅट-रूम फुकट होत्या, खर्च जाहिरातींवर निघे. मुलांच्या लैंगिक शोषणाशी संबंधित खोल्यांचा बोभाटा होऊन जाहिरातदार मागे हटले, तेव्हा जून २००५ मध्ये याहूने सभासदांनी काढलेल्या खोल्या बंद केल्या. उरलेल्या खोल्यांत माणसांऐवजी जाहिराती फेकणारी यंत्रे बोलू लागली. डिसेंबर २०१२ मध्ये त्या खोल्याही गेल्या. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, याहू मेसेंजर जुलै २०१८ मध्ये, आणि याहूचे गट डिसेंबर २०२० मध्ये. त्या गटांतील जुना मजकूर तर आधीच काढून टाकण्यात आला होता.

दुसरे कारण सत्तेचे. जून २००७ मध्ये ऑर्कुटवरील मजकुरावरून शिवसैनिकांनी मुंबई परिसरातील सायबर कॅफे फोडले. त्याच वर्षी शिवाजी महाराजांविषयीच्या मजकुरासाठी पुणे पोलिसांनी बंगळूरच्या एका तरुणाला पकडले. संगणकाचा पत्ता चुकीचा दिला गेला होता हे उघड होईपर्यंत त्याचे सुमारे ५० दिवस तुरुंगात गेले होते. एप्रिल २०११ च्या नियमांनी कॅफेत ओळखपत्र आणि नोंदवही सक्तीची केली. निनावीपणा असा संपला. तोवर मोबाइलवर व्हॉट्सॲप आले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओच्या स्वस्त इंटरनेटनंतर ते वाडीवस्तीपर्यंत पोहोचले. त्यात मोबाइल नंबर हीच ओळख असते. गट गावाचे, भावकीचे, जातीचे. अनोळखी माणूस भेटण्याची शक्यताच मावळली, आणि चौथा प्रश्न विचारण्याची गरजही उरली नाही.

माझ्या मते खरा मुद्दा मालकीचा आहे. गावातला तक्क्या मोडकळीला आला तरी आपला होता. ही खोली दुसऱ्याची होती. त्याने दिवा मालवला आणि आपण अंधारात उभे राहिलो. बाबासाहेबांनी ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी ओळखली होती. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाले, तेव्हा पैसे देऊनही 'केसरी'ने त्याची जाहिरात घेतली नाही. स्वतःचे पत्र हवे आणि स्वतःचा छापखानाही हवा, या जाणिवेतून भारत भूषण प्रिंटिंग प्रेस उभा राहिला. 'मूकनायक' थोड्याच वर्षांत बंद पडले, 'बहिष्कृत भारत'ही बंद पडले. आर्थिक ओढाताण तेव्हाही होती. परंतु अंक लोकांच्या पेटाऱ्यांत राहिले, म्हणून १९९० साली महाराष्ट्र शासनाला ही दोन्ही पत्रे पुन्हा छापता आली. सुमारे शंभर वर्षांपूर्वीचा शब्द वाचता येतो. २००६ साली आपण खैरलांजीविषयी एकमेकांना काय लिहिले ते मात्र विद्यार्थ्याला दाखविता येत नाही. विरोधकांनी आरक्षणाविषयी काय लिहिले याचाही पुरावा गेला. उद्या कोणी म्हणेल की असे कोणी बोललेच नव्हते.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. ज्यांच्याजवळ त्या काळचे छापून घेतलेले कागद, जतन केलेले ईमेल, सीडी, जुने हार्ड डिस्क असतील त्यांनी ते फेकू नयेत. त्या खोल्यांत बसलेली माणसे आज चाळिशीत आहेत. त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. खासगी बोलणे त्यांच्या संमतीशिवाय छापू नये, विशेषतः स्त्रियांचे. गेल्या वर्षी मी माझ्या वर्गाला हे काम दिले. एका विद्यार्थ्याने मोठ्या भावाच्या वहीत घडी घालून ठेवलेली चार पाने आणली: खैरलांजीचा अहवाल, रोमन लिपीतली मराठी, कोपऱ्यात छापलेली तारीख. शाई फिकी झाली आहे, तरी वाचता येते. आम्ही त्या पानांच्या प्रती काढल्या आणि महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोंद करून ठेवल्या. आजचे आपले व्हॉट्सॲपचे गटही दुसऱ्याच्याच खोलीत भरलेले आहेत. त्यातले जे जपण्यासारखे आहे ते आजच कागदावर उतरविले पाहिजे.