अडलेल्या पित्ताची वाट

घरांतील म्हातारें माणूस पिवळें दिसूं लागलें कीं, "कावीळ झाली, उतरवून आणूं," असें आपण म्हणतों; आणि ती उतरली नाहीं, तर "आतां वयच झालें," असें म्हणून स्वस्थ बसतों. कावीळ हें लक्षण आहे, रोग नव्हे. तिचीं कारणें अनेक आहेत. परंतु उतारवयांत पुष्कळदां तिच्यामागें पित्ताची अडलेली वाट असते. ही वाट वैद्यांस कशी सांपडली आणि वृद्धांसाठीं ती मोकळी करावयास किती काळ लागला, ती हकीकत आज सांगावयाची आहे.

यकृतांत तयार होणारें पित्त एका बारीक नळीनें आंतड्याकडे येतें. जठरामागें आडवें असलेलें स्वादुपिंड आपला पाचक रस दुसऱ्या नळीनें आणतें. बहुतेकांच्या शरीरांत या दोन्ही नळ्या आंतड्यांतील एकाच लहानशा उंचवट्यावर उघडतात. दोन ओहोळांना रस्त्याखालीं एकच मोरी असावी, तसा हा प्रकार. तेथें खडा अडकला कीं पित्त तुंबून कावीळ होते, आणि स्वादुपिंडासहि सूज येऊं शकते. स्वादुपिंडाच्या डोक्याशीं गांठ वाढली, तरीहि पित्ताची नळी दाबली जाते.

स्वादुपिंडाची नळी १६४२ सालीं इटलींतील पादुआ येथें सांपडली. देहांत शासन झालेल्या एका इसमाच्या प्रेताचें विच्छेदन करतांना योहान गेओर्ग विर्सुंग या जर्मन वैद्यास ती दिसली. तिचें चित्र ताम्रपटावर कोरवून त्यानें तें नामांकित शरीरशास्त्रज्ञांकडे पाठविलें आणि 'ही धमनी म्हणावी कीं शीर?' असें विचारलें. पुढच्याच वर्षीं त्याचा खून झाला. १७२० मध्यें व्हिटेनबर्गच्या आब्राहाम फाटर यानें तो उंचवटा वर्णिला. १८८७ मध्यें रुग्गेरो ओड्डी या इटालियन विद्यार्थ्यानें तेथील द्वार आवळणाऱ्या स्नायूचा अभ्यास प्रसिद्ध केला.

वाट कळली, पण ती मोकळी कशी करावी? १८८२ मध्यें बर्लिनच्या कार्ल लांगेनबुख यानें पित्ताशय काढून टाकण्याची पहिली शस्त्रक्रिया केली. बाझेलच्या लुडविग कूर्वाझिए यानें १८९० मध्यें १८७ रोग्यांच्या हकीकती ताडून एक मर्म सांगितलें: कावीळ असून फुगलेलें पित्ताशय हाताला लागत असेल, तर कारण खडा असण्याचा संभव कमी. म्हणजे गांठीचा संशय घ्यावा. १९३५ मध्यें न्यूयॉर्कच्या अॅलन व्हिपल यानें अशा गांठीवरील मोठ्या शस्त्रक्रियेचें वृत्त छापलें. परंतु पोट उघडून करावयाचे हे उपाय सत्तरी उलटलेल्या, थकल्या हृदयाच्या माणसास पुष्कळदां झेपत नसत. रोग ओळखतां येई, वाटहि ठाऊक होती, आणि तरी शल्यवैद्याचा हात आखडे.

मार्ग निघाला तो तोंडावाटे. १९६८ मध्यें अमेरिकेंत विल्यम मॅकक्यून व त्याचे सहकारी यांनीं दुर्बिणीच्या आधारें त्या उंचवट्यांतून नळींत द्रव सोडला आणि क्ष-किरणांनीं तिचें चित्र घेतलें. १९७४ मध्यें जर्मनींतील एर्लांगेन येथें क्लासेन व डेमलिंग यांनीं, आणि जपानांत क्योतो येथें कावाई यांनीं, दुर्बिणींतून विजेची तार नेऊन ओड्डीचा तो स्नायु किंचित् कापला. पोटावर एक टांकाहि न घालतां खडा आंतड्यांत आणण्याची सोय झाली. पुढें गांठीनें दाबलेल्या नळींत बारीक नळी बसवून पित्त वाहतें करण्यांत येऊं लागलें.

हा उपाय निर्धोक नव्हे. त्यानेंहि कधीं स्वादुपिंडास सूज येते, कधीं रक्तस्राव होतो. आणि पित्त वाहतें झालें तरी गांठ तेथेंच राहते. परंतु केवळ वयाकडे पाहून रोग्यास परत पाठविण्याचें कारण आतां उरलेलें नाहीं.

आणखी एक गोष्ट घरच्यांनीं ध्यानांत ठेवावी. तुंबलेल्या पित्तांत जंतु माजले, म्हणजे हुडहुडी भरून ताप, कावीळ व पोटदुखी हीं तीन लक्षणें होतात, असें पॅरिसच्या शार्को यानें १८७७ मध्येंच सांगितलें होतें. वृद्धांत मात्र तीं सर्व दिसतीलच असें नाहीं. कधीं आजोबा नुसतें असंबद्ध बोलूं लागतात, कधीं आजी जेवण टाकतात. अशा वेळीं त्यांचे डोळे उजेडांत पाहावे; लघवी गडद आणि शौच मातकट होतें काय, तें विचारावें. तसें असेल, तर त्याच दिवशीं त्यांना डॉक्टरांकडे न्यावें.