पिशवीतला वारा

१९५२ सालची गोष्ट. अमेरिकेत पेनसिल्वेनियात जॉन हेट्रिक नावाचे एक गृहस्थ बायको आणि लहान मुलीसह मोटारीने निघाले होते. वाटेत अडथळा आला, त्यांनी करकचून ब्रेक दाबला नि गाडी चरात गेली. त्या क्षणी आई आणि बाप दोघांचेही हात आपसूक पोरीच्या आड गेले. हे काम एखादी पिशवी का करणार नाही, असे हेट्रिकच्या मनाने घेतले. १९५३ साली त्यांना पेटंट मिळाले. त्यांच्या पिशवीत भरावयाची होती ती साधी, दाबलेली हवा.

अडचण आली ती वेगाची. पिशवी सेकंदाच्या तीस-चाळीस सहस्रांश भागात फुगावी लागते; पापणी लवायलाही याहून अधिक वेळ लागतो! म्हणून पुढे सोडियम अझाइड नावाचा क्षार आला. १३० ग्रॅम अझाइडपासून सुमारे ६७ लिटर नायट्रोजन निघतो. शिक्षकांनी हे गणित फळ्यावर जरूर करून पाहावे. नायट्रोजन निरुपद्रवी, पण मागे उरतो सोडियम, आणि तो मोठा दाहक. त्याला बांधून ठेवण्यासाठी सोरा आणि सिलिका मिसळत. कागदावर हिशेब जुळला.

पण कागदावर श्वास घेता येत नाही. म्हणून बंद टाकीत पिशवी उडवून आतली हवा तपासू लागले. अशी एक टाकी शंभर घनफुटांची, म्हणजे जवळजवळ मोटारीच्या पोटाएवढी असते. कार्बन मोनॉक्साइड किती, अमोनिया किती, नायट्रोजनची ऑक्साइडे किती, हे मोजतात. अवरक्त किरण सोडले की प्रत्येक वायू आपापल्या वाट्याचे किरण गिळतो. त्यावरून तो ओळखू येतो. धूळ गाळून तिचे वजन करतात, ते वेगळेच.

१९९४ साली अमेरिकेत याविषयी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. दमेकरी माणसांना पिशवी उडविलेल्या बंद गाडीतली हवा हुंगावयास दिली, तेव्हा काहींना धाप लागली. धूळ गाळून काढल्यावर मात्र तो त्रास दिसेना. संशय वायूंवर, आणि चोर निघाली बारीक भुकटी!

अझाइड स्वतःच विषारी, म्हणून १९९० नंतर ते हळूहळू मागे पडले. ग्वानिडीन नायट्रेटसारखे पदार्थ आले. पदार्थ बदलला की वायू बदलतात, आणि टाकीतली परीक्षा पुन्हा पहिल्यापासून.

आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकापुढे ही पिशवी सक्तीची झाली. ती फुटली की आत पांढरा धूर दिसतो, नि गाडी पेटली असे वाटून माणसे भेदरतात. बहुधा ती भुकटीच असते, बरं का. काचा उघडाव्यात, चालता येत असेल तर बाहेर यावे, हात-तोंड पाण्याने धुवावे. सोबत दमेकरी असेल तर त्याला आधी मोकळ्या हवेत न्यावे.