रक्त धुण्यामागचा इतिहास

रक्तातील एखाद्या विकराची, म्हणजे एन्झाइमची, क्रियाशीलता मोजण्यापूर्वी त्या रक्ताची बरीच मशागत करावी लागते. ते गोठू न देणाऱ्या द्रावणात घेऊन थंड ठेवायचे. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून वरचा रक्तद्रव आणि त्याखालचा पांढऱ्या पेशींचा पातळ थर काढून टाकायचा. उरलेल्या तांबड्या पेशी मिठाच्या पाण्याने धुवायच्या आणि मग फोडायच्या. कृती रुक्ष आहे. तिचा इतिहास मात्र एका तुरुंगातून जातो.

१९४४ पासून अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या स्टेटव्हिल तुरुंगात शिकागो विद्यापीठाचे डॉक्टर कैद्यांना हेतुपुरस्सर हिवताप देऊन त्यांच्यावर नवी औषधे तपासू लागले. कैद्यांची संमती घेतली जाई. पण गजांआडची संमती कितपत मोकळी? पुढे न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या बचावपक्षाने याच प्रयोगांचा दाखला दिला, हे विसरता येत नाही.

प्रायमाक्विन हे औषध घेतल्यावर काही कैद्यांची, विशेषतः कृष्णवर्णीयांची, लघवी काळपट होई आणि हिमोग्लोबिन झपाट्याने उतरे. दोष शरीरात की पेशीत? १९५४ मध्ये अशा कैद्यांच्या तांबड्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या औषध सोसणाऱ्यांच्या शरीरात सोडण्यात आल्या. औषध देताच परक्या शरीरातही त्याच पेशी फुटल्या. उलट अदलाबदलीत निरोगी पेशी सुखरूप राहिल्या. दोष पेशीतच होता. १९५६ मध्ये कार्सन आणि सहकाऱ्यांनी त्याला नाव दिले : ग्लुकोज-६-फॉस्फेट डिहायड्रोजनेज या विकराची कमतरता.

पण मोजमाप फसवे ठरू शकते. पायरुव्हेट किनेज या दुसऱ्या विकराची कमतरता १९६१ मध्ये उजेडात आली, तेव्हा ही अडचण ठळक झाली. पांढऱ्या पेशीत हे विकर तांबडीच्या शेकडो पट असते; त्यामुळे थोड्याशा पांढऱ्या पेशी मागे राहिल्या तरी आजारी माणसाचा अहवाल निर्दोष येऊ शकतो. यावर उपाय काढला अर्नेस्ट ब्यूटलर यांनी, जे तरुणपणी स्टेटव्हिलच्या संशोधनातच होते. १९७६ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी रक्त सेल्युलोजच्या थरातून गाळण्याची पद्धत प्रसिद्ध केली : पांढऱ्या पेशी आणि बिंबिका थरात अडकतात, तांबड्या खाली उतरतात. अगदी साधी युक्ती.

दुसरी फसगत वेळेची. औषध चालू असतानाही स्टेटव्हिलच्या काही कैद्यांचा रक्तक्षय काही आठवड्यांत आपोआप ओसरला होता, कारण विकर संपत आलेल्या म्हाताऱ्या पेशी आधीच फुटून गेल्या होत्या आणि नव्या पेशींत ते पुरेसे होते. म्हणूनच पेशी फुटण्याच्या झटक्यानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात कमतरता लपू शकते, आणि तपासणी काही आठवड्यांनी पुन्हा करावी लागते.