चोर, संन्यासी आणि एक एचटीएमएल फाइल

एक साधा प्रश्न. तुमच्याच लॅपटॉपवर, तुम्हीच लिहिलेलं एक वेब पेज आहे. त्यात तुम्हीच टाकलेली एक लिंक आहे, 'घरखर्चाची एक्सेल शीट'. ती क्लिक केल्यावर एक्सेल उघडायला हवं की नको?

"यात विचारायचं काय, उघडायलाच हवं!" असं म्हणणारे एका बाजूला आणि "चुकूनही नको" असं म्हणणारे दुसऱ्या बाजूला. या दोन पक्षांचं भांडण पंचवीस वर्षांहून जुनं आहे आणि अजून मिटलेलं नाही. मला त्यात रस, कारण माझ्या कामाच्या सगळ्या नोट्स अशाच एका पेजमध्ये आहेत. त्या पेजचं नाव टिडलीविकी.

आधी विकीबद्दल थोडं. वॉर्ड कनिंगहॅमने १९९५ मध्ये पहिला विकी सुरू केला. होनोलुलूच्या विमानतळावरच्या 'विकी विकी' बसवरून त्याने हे नाव घेतलं. हवाईच्या भाषेत विकी म्हणजे झटपट. पण विकी चालवायचा तर सर्व्हर हवा. सप्टेंबर २००४ मध्ये जेरेमी रस्टन या ब्रिटिश माणसाने टिडलीविकी आणला आणि सर्व्हरच काढून टाकला. अख्खा विकी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये! कोड त्यातच, मजकूरही त्यातच. इन्स्टॉल काही करायचं नाही, पेन ड्राइव्हवर टाका आणि चालायला लागा. (टिडलर म्हणजे ब्रिटिश इंग्रजीत अगदी छोटा मासा. इथे टिडलर म्हणजे एक छोटी नोंद.)

सुरुवातीच्या आवृत्तीत सेव्हची सोय नव्हती, ती २००५ मध्ये आली. मग 'गेटिंग थिंग्ज डन' वाचून भारावलेल्या मंडळींनी हा विकी उचलला आणि त्याच वर्षी त्याचा जीटीडी अवतारही निघाला. आणि माणसाचा स्वभाव कसा असतो पाहा. कामांची यादी आली की लगेच वाटतं, या यादीतूनच काम सुरू करता आलं तर? 'रिपोर्ट पाठवणे' या ओळीवर क्लिक केलं की तो रिपोर्ट वर्डमध्ये उघडावा. थोडक्यात, ब्राउजरच आपला डेस्कटॉप व्हावा.

आता इथे एक बारीक फरक आहे. डिस्कवरच्या पेजमधून डिस्कवरच्या दुसऱ्या फाइलला लिंक देता येते. पण ती लिंक क्लिक केली की ब्राउजर फाइल स्वतः दाखवायला बघतो, नाही जमलं तर डाउनलोडसारखी पुढे करतो. प्रोग्रॅम चालवणं ही निराळी गोष्ट. त्यासाठी ब्राउजरच्या भिंतीपलीकडे, ऑपरेटिंग सिस्टीमपर्यंत हात पोचायला हवा. आणि २००५ मध्ये तो पोचत होता, एक सोडून दोन दारांनी!

पहिलं दार मायक्रोसॉफ्टचं. १९९६ मध्ये अ‍ॅक्टिव्हएक्स आलं. १९९७ च्या इंटरनेट एक्स्प्लोरर ४ ने तर वॉलपेपरच्या जागी वेब पेज लावायची सोय दिली. १९९९ मध्ये एक्स्प्लोरर ५ बरोबर एचटीए आलं. पेजच्या फाइलचं एक्स्टेन्शन बदललं की ते पेज साध्या प्रोग्रॅमच्या सगळ्या अधिकारांनिशी चालणार. यामागे एक समजूत होती. इंटरनेटवरून येतं ते परकं, डिस्कवर असतं ते घरचं. परक्यावर बंधनं, घरच्याला मोकळीक.

दुसरं दार नेटस्केपचं, जे पुढे वारशाने फायरफॉक्सकडे आलं. पेजने जास्तीचे अधिकार मागायचे, ब्राउजरने "हे धोक्याचं आहे" असा इशारा देणारी खिडकी दाखवायची आणि आपण 'अलाऊ' म्हणायचं. एकदा परवानगी मिळाली की जावास्क्रिप्टमधून फाइल लिहिता यायची आणि प्रोग्रॅमही चालवता यायचा. टिडलीविकी याच दाराने सेव्ह करायचा. हौशी लोकांनी त्यावरच प्लगइन लिहिले आणि विकीच्या पानावरून नोटपॅडपासून फोटोशॉपपर्यंत सगळं उघडायला लागलं.

पण ज्या दाराने घरचा माणूस ये-जा करतो, त्याच दाराने चोरही येतो.

मे २००० मध्ये मनिलाहून 'आय लव्ह यू' हा व्हायरस निघाला. प्रेमपत्र म्हणून आलेली अ‍ॅटॅचमेंट उघडली की तो डिस्कवरच्या फाइली खराब करायचा आणि आउटलुकच्या अ‍ॅड्रेस बुकमधल्या सगळ्यांना स्वतःला पाठवायचा. गंमत म्हणजे (तेव्हा कुणाला गंमत वाटली नसणार) फाइलींना हात लावायला त्याने विंडोजचं जे स्क्रिप्टिंग ऑब्जेक्ट वापरलं, तेच पुढे टिडलीविकीने एक्स्प्लोररमध्ये नोट्स सेव्ह करायला वापरलं. हत्यार एकच. एकाने भाजी चिरली, दुसऱ्याने गळा.

'डिस्कवरचं ते घरचं' ही समजूतही टिकली नाही. चोरांनी ओळखलं की कसंही करून फाइल डिस्कवर पोचवली की झालं, ती आपोआप घरची. शेवटी ऑगस्ट २००४ च्या एक्सपी सर्व्हिस पॅक २ ने नियम उलटवला. एक्स्प्लोररमध्ये डिस्कवरच्या पेजच्या स्क्रिप्टवरही बंधनं आली, आणि डाउनलोड केलेल्या फाइलीवर 'ही बाहेरून आली आहे' असा छुपा शिक्का बसू लागला. म्हणजे बघा, ऑगस्टमध्ये दार लावायला सुरुवात झाली आणि टिडलीविकीचा जन्म झाला सप्टेंबरमध्ये!

फायरफॉक्सच्या दारात वेगळीच गोम होती. त्या खिडकीत 'हा निर्णय लक्षात ठेव' असा एक चेकबॉक्स होता. रोज रोज कोण 'अलाऊ' म्हणणार, म्हणून लोक तो टिक करायचे. पण परवानगी त्या एका विकीला मिळायची नाही, डिस्कवरच्या सगळ्याच पेजेसना मिळायची. उद्या कुठलं तरी पेज डाउनलोड करून उघडलं, तर त्यालाही किल्ली तयार. वॉचमनला सांगावं "आमच्या भाच्याला सोडा" आणि त्याने सोसायटीत येणाऱ्या प्रत्येकाला भाचा समजावं, तसला प्रकार.

मग एकेक खिळा ठोकला गेला. २००८ मध्ये फायरफॉक्स ३ ने डिस्कवरच्या एका पेजने दुसऱ्या फोल्डरमधल्या फाइली वाचण्यावर बंधन आणलं. २०१२ मध्ये अधिकार मागायची ती जुनी सोयच काढून टाकली. टिडलीविकीवाल्यांनी टिडलीफॉक्स नावाचं एक्स्टेन्शन काढून वेळ मारून नेली. नोव्हेंबर २०१७ मध्ये फायरफॉक्स ५७ ने जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्सच बंद केली, त्यात तेही गेलं. हे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, असं तेव्हा अनेकांना वाटलं असणार.

पण खरंच तसं होतं का? दारं बंद झाल्यावर लोकांनी खिडक्या शोधल्या, त्यांचा इतिहास पाहू.

एक खिडकी म्हणजे स्वतःचा प्रोटोकॉल. 'मेलटू' लिंकने जसा मेलचा प्रोग्रॅम उघडतो, तसं प्रत्येक प्रोग्रॅमने सिस्टीमकडे आपलं नाव नोंदवायचं. जुलै २००७ मध्ये कळलं की फायरफॉक्सने विंडोजमध्ये नोंदवलेल्या अशाच नावाचा वापर करून, एक्स्प्लोररमध्ये उघडलेलं पेज फायरफॉक्सला भलत्या आज्ञा देऊ शकतं. चूक कुणाची, यावर वाद झाला. मे २०२२ मध्ये 'फॉलिना' उघडकीला आलं. त्यात नुसतं वर्ड डॉक्युमेंट उघडल्यावर विंडोजचं ट्रबलशूटिंगचं अवजार हल्लेखोराची कमांड चालवत होतं, तेही अशाच प्रोटोकॉलमार्गे.

दुसरी खिडकी म्हणजे आपल्याच मशीनवर चालणारा छोटा सर्व्हर. झूमने मॅकवर तो गुपचूप बसवला होता. का? तर सफारी १२ ने "झूम उघडू का?" असं विचारायला सुरुवात केली होती आणि तो एक क्लिक वाचवायचा होता. जुलै २०१९ मध्ये उघड झालं की झूम काढून टाकल्यावरही तो सर्व्हर राहतो आणि कुठलीही वेबसाइट तुम्हाला मीटिंगमध्ये ओढू शकते. शेवटी अ‍ॅपलने स्वतः अपडेट पाठवून तो काढला.

एका क्लिकसाठी!

माझं मत विचाराल तर ब्राउजरवाले चुकले नाहीत. ब्राउजरला फाइल दिसते, ती लिहिणारा दिसत नाही. माझी आणि चोराची फाइल त्याच्यासाठी सारखीच. पण सुक्याबरोबर ओलंही जळलं, हेही तितकंच खरं. कुठलाही सामान्य माणूस एक फाइल उघडून स्वतःचं अवजार घडवू शकत होता, ती वाट अरुंद झाली. आज तेच करायला पूर्ण अ‍ॅप्लिकेशन बांधा, नाहीतर आपल्या नोट्स कुणाच्या तरी क्लाउडवर ठेवा. आणि क्लाउडवर ठेवलं की प्रश्न बदलतो. माझ्या फाइलीने माझा प्रोग्रॅम उघडावा का, हे राहिलं बाजूला. माझी फाइल उद्या मला तरी उघडता येईल का, हे कंपनी ठरवणार.

अगदीच अंधार नाही म्हणा. ऑक्टोबर २०२० मध्ये क्रोम ८६ ने फाइल सेव्ह करायची नवी सोय दिली. त्यात फाइल आपण स्वतः निवडायची आणि परवानगी फक्त तिच्यापुरती. फायरफॉक्सच्या त्या चेकबॉक्सपासून धडा घेतलेला दिसतो. प्रोग्रॅम मात्र अजूनही थेट चालवता येत नाही, आणि बहुधा कधी येणारही नाही.

तोवर माझी एक्सेल शीट मी माझ्या हातानेच उघडतो. एक जादा क्लिक पडतो, पडू दे. नोट्सची फाइल माझ्या डिस्कवर आहे, हे महत्त्वाचं. तुमच्या नोट्स कुठे आहेत, एकदा बघून ठेवा.