रीड, फणी आणि जिव्हाळी

सुरतेतल्या बमरोलीत ‘रीड’ म्हटलं की लोक मागाकडे बघतात. पांडेसरा जीआयडीसीला लागून असलेल्या या वस्तीत रीड म्हणजे पोलादी फणी. तिच्या घराघरांतून ताण्याचे धागे ओवायचे. धुळ्याहून इथे आलेल्या माझ्या मामांना मात्र दोन रिडी सांभाळाव्या लागतात. एक कारखान्यातली, दुसरी लग्नसराईत बँडमधल्या क्लॅरिनेटची.

दोघींचं कूळ एकच. इंग्रजीत रीड म्हणजे मुळात नळ, आपल्या बोरूच्या जातीचं पोकळ गवत. मागाची फणीही पूर्वी त्याच्याच कामट्या लावून करत. पुढे जॉन केनं तारेची फणी काढून इंग्लंडभर विकली. १७३३ साली धावत्या धोट्याचं पेटंट घेतलं तोच हा के. मागातून गवत गेलं, नाव तेवढं राहिलं. आपण नाव ठेवलं ते रूपावरून. मागाची ती फणी, सनईची ती जिव्हाळी, म्हणजे जीभ. मला आपलीच नावं जास्त चोख वाटतात, पण त्यांतून गवताचा माग लागत नाही, हेही खरं.

सनईची जिव्हाळी दुहेरी, ताडाच्या पानाची नाहीतर गवताची. बिस्मिल्ला खाँचं डुमरांव तर या गवतासाठीच नावाजलेलं. क्लॅरिनेटला पत्ती एकच. न्यूरेंबर्गच्या डेनरनं १७०० च्या सुमारास हे वाद्य घडवलं. तेव्हा पत्ती दोऱ्यानं गुंडाळून बांधत, धातूची पकड शंभरेक वर्षांनी आली. चांगला नळ दक्षिण फ्रान्समधल्या व्हारचा. व्हँडोरेन ही पॅरिसची पेढी १९०५ पासून पत्त्या करते. आता खोक्यावर नंबर छापून येतो. नंबर जितका मोठा तितकी पत्ती कडक.

पण एकाच खोक्यातल्या दोन पत्त्या सारख्या निघतील तर शपथ! मामा नवी पत्ती वाटीतल्या पाण्यात दोन मिनिटं ठेवतात. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं फुंकायची, तीही हलक्या दमानं. मग पुसून सपाट काचेवर वाळवायची. चार-पाच दिवस हाच क्रम. नंतर ती ट्यूबलाइटसमोर धरून डावीउजवीकडची सावली ताडून बघतात. जी बाजू काळसर तिथे गवत जाड. तेवढंच ब्लेडनं खरवडायचं, दोन हात मारले की पुन्हा वाजवून बघायचं. टोकाच्या वाटेला ते सहसा जात नाहीत.

मागच्या तुळशीच्या लग्नाआधी मी हौसेनं एक पत्ती घासायला घेतली. काळसर बाजू सोडून उजळ बाजूच खरवडली. फुंकल्यावर जो चिरका आवाज निघाला, त्यानं मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मामांनी ती पत्ती हातात घेतली, उजेडासमोर धरली आणि काही न बोलता दुसरी वाटीत टाकली.